जुनी व्हॅन, लहान मुले आणि लांबचा प्रवास

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की दवाखान्यात एक ठरावीक मागणी सुरू होते. "डॉक्टर, पोराला गाडी लागते, एखादी चांगली गोळी लिहून द्या." गोळी लिहून द्यायला हरकत नसते. पण अलीकडे मी आधी विचारतो, "गाडी कोणती?"

याला कारण आहे. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे एक नवी हौस आली आहे. पंधरा-वीस वर्षे वापरलेली मारुती ओम्नी किंवा एखादी टेम्पो ट्रॅव्हलर स्वस्तात घ्यायची, मागच्या सीट काढून तिथे फळी आणि गादी टाकायची, खिडक्यांना पडदे, एक लहान शेगडी, पाण्याचा जार, आणि घरच्या मंडळींना घेऊन गणपतीपुळे नाहीतर पंढरपूर-अक्कलकोट-तुळजापूर गाठायचे. लॉजचा खर्च वाचतो, मुलांना तर हे फिरते घर म्हणजे पर्वणीच! राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही जाहीर केले. पण तयार कॅराव्हॅन भाड्याने घेणे सामान्य माणसाला परवडत नाही आणि मग गल्लीतले गॅरेजच कामाला लागते. ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले, म्हणजे रस्त्यावरची सगळ्यांत नवी ओम्नीसुद्धा आता जुनीच म्हणायची.

या हौसेला माझा विरोध नाही. मुलांनी असा प्रवास जरूर करावा. मात्र वडीलधारी मंडळी निघण्यापूर्वी मुलाची प्रकृती तपासून घेतात, गाडीची प्रकृती तपासत नाहीत. जुन्या गाडीत मुलांना होणारा बराचसा त्रास हा मुलाच्या पोटातून नव्हे, तर गाडीतून येतो. आजच्या लेखात मुख्यतः त्याविषयी.

गाडी का लागते?

आपल्या कानाच्या आतल्या भागात शरीराचा तोल सांभाळणारी एक यंत्रणा असते. गाडी वळते, उसळते, थांबते, हे ती मेंदूला कळवते. डोळे मात्र गाडीच्या आतली स्थिर वस्तू पाहत असतील, उदाहरणार्थ मोबाईल किंवा पुस्तक, तर ते कळवतात की सारे स्थिर आहे. या दोन परस्परविरोधी निरोपांमुळे मळमळ, घाम, जांभया आणि शेवटी उलटी. दोन ते बारा वर्षांच्या मुलांत हा त्रास सर्वांत जास्त. दोन वर्षांखालील बाळांना गाडी क्वचितच लागते. म्हणून तान्हे बाळ प्रत्येक प्रवासात उलट्या करत असेल तर 'गाडी लागते' असे म्हणून सोडून देऊ नये, दुसरे कारण शोधावे.

आता त्या गादी टाकलेल्या व्हॅनचा विचार करा. मागच्या चाकांच्याही मागे, जिथे गाडी सर्वांत जास्त झुलते, तिथे मुले आडवी पडलेली, खिडक्यांना पडदे, हातात मोबाईल. उलटी व्हावी म्हणूनच मुद्दाम व्यवस्था केली असती तर ती याहून वेगळी नसती! अशा मुलाला मधल्या सीटवर, तोंड पुढे करून, समोरचा रस्ता आणि दूरची झाडे-डोंगर दिसतील असे बसवा. आंबा घाट किंवा कुंभार्ली घाट सुरू होण्यापूर्वीच मोबाईल काढून घ्या. रडले तरी चालेल.

उलटी होऊ नये म्हणून मुलाला उपाशी नेण्याची पद्धत चुकीची आहे. रिकामे पोट अधिक मळमळते. निघण्यापूर्वी तासभर आधी पोळी, केळे, मऊ भात असे हलके काहीतरी द्यावे. पुरी-भाजी, वडे आणि वर ग्लासभर दूध, हा आपल्याकडचा प्रवासाचा थाट उतरल्यावर करावा. आलेपाकाची वडी मोठ्या मुलांना चघळायला द्यायला हरकत नाही.

औषधांबद्दल थोडे सांगतो. नेहमी वापरल्या जाणाऱ्या गोळीत प्रोमेथाझिन असते. ती प्रवासाआधी तास-दीड तास द्यावी लागते. उलटी सुरू झाल्यावर दिलेली गोळी उलटीबरोबरच बाहेर येते. दोन वर्षांखालील मुलाला हे औषध मुळीच देऊ नये, श्वास मंदावण्याचा धोका असतो. मोठ्या मुलाची मात्रा वय आणि वजन पाहून डॉक्टरने ठरवायची असते, घरातल्या मोठ्या माणसाची गोळी अर्धी मोडून नव्हे. उलटीसाठी घरोघरी असणारे ऑनडॅनसेट्रॉनचे सिरप गाडी लागण्यावर उपयोगी पडत नाही, हेही लक्षात ठेवा. आणि गाडी चालवणाऱ्याने प्रोमेथाझिनच्या गोळीला हात लावू नये. तिने झोप येते.

या झोपेचा आणखी एक तोटा आहे, आणि तो जुन्या गाडीत फार महत्त्वाचा. तो पुढे येईल.

सगळ्यांना एकदम मळमळते तेव्हा

एक गृहस्थ दोन मुलांना घेऊन माझ्याकडे आले होते. जुनी व्हॅन घेऊन सहा महिने झालेले. लांब गेले की दोन्ही मुलांना उलट्या होतात, मग ती सुस्त पडून राहतात. गोळीने फरक नाही, दुसरी द्या, असे म्हणणे होते. मी विचारले, "फक्त मुलांनाच होते का?" ते म्हणाले, "आईचेही डोके दुखते. ती मुलांबरोबर मागे असते. मला काही होत नाही, मी पुढे." सपाट रस्त्यालाही होते का? हो. उतरल्यावर? मोकळ्या हवेत एक-दोन तासांत सगळी ताजीतवानी. "मागचा दरवाजा नीट लागतो का?" यावर ते हसले. "नाही डॉक्टर, सामान बाहेर येते, म्हणून सुतळीने बांधतो."

मी गोळी लिहिली नाही, त्यांना मेकॅनिककडे पाठवले. सायलेन्सरच्या पाइपचा जोड तुटलेला निघाला आणि गादीखालचा पत्रा गंजून त्याला रुपयाएवढे भोक पडलेले होते. दोन्ही दुरुस्त झाल्यावर आजींचे डोके दुखणे थांबले आणि थोरल्याच्या उलट्याही. धाकट्याला घाटात अजून त्रास होतो. त्याला मात्र खरोखरच गाडी लागते.

इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपण ज्याला धुराचा वास म्हणतो तो इतर घटकांचा. वास येत नाही म्हणून हा वायू नाही असे समजू नये. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूला जितके घट्ट धरते त्याच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट या वायूला धरते. मग रक्त फिरत राहते, पण प्राणवायू पोचत नाही. लहान मुलांचा श्वास आपल्यापेक्षा जलद चालतो, त्यामुळे विषबाधा त्यांना आधी होते. डोकेदुखी, मळमळ, उलटी, चक्कर, सुस्ती ही लक्षणे. गाडी लागण्याची लक्षणेही हीच! फरक ओळखायचा तो असा: एकाच गाडीतल्या अनेकांना एकाच वेळी त्रास, मागे बसणाऱ्यांना जास्त, सरळ रस्त्यालाही तसाच, आणि बाहेर मोकळ्या हवेत उतार. ज्या मुलाला आयुष्यात कधी गाडी लागली नाही त्याला याच गाडीत लागू लागली, हीसुद्धा खूण समजा. आणि आता त्या झोपेबद्दल. गोळी देऊन झोपवलेले मूल आणि वायूने गुंगलेले मूल, दोन्ही दिसायला सारखीच. 'गोळीने छान झोपलाय' म्हणून घरचे निश्चिंत राहतात.

मागचा दरवाजा अर्धवट उघडा ठेवला की हवा खेळते, असा समज आहे. प्रत्यक्षात उलटे होते. चालत्या गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो, धूर तिथेच घोटाळतो आणि उघड्या दरवाजातून आत ओढला जातो. म्हणून मागचा दरवाजा त्याच्या रबरासकट घट्ट बंद हवा आणि हवेसाठी पुढच्या खिडक्या उघड्या. निघण्यापूर्वी मेकॅनिककडून गाडी वर उचलून सायलेन्सर मॅनिफोल्डपासून टोकापर्यंत तपासून घ्या. गादी व मॅटिंग उचलून खालचा पत्रा पाहा. ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. त्यावरचे झाकण आणि त्याचे रबर शाबूत नसेल तर उष्णता आणि धूर थेट केबिनमध्ये. गॅसकिट बसवलेले असेल तर त्याची गळतीही त्याच वेळी तपासावी. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बाजारात मिळतो. गाडीत झोपणाऱ्यांनी तो घ्यावाच.

झोपताना इंजिन बंद. ए.सी.साठी रात्रभर इंजिन चालू ठेवून खिडक्या लावून झोपलेल्या माणसांचे मृत्यू झालेले आहेत, ते सकाळी दार ठोठावल्यावर कळते. महाबळेश्वरच्या थंडीत कोळशाची शेगडी आत घेणेही तसेच. गॅसची शेगडी बंद जागेत पेटवली तर तीही हाच वायू सोडते. स्वयंपाक बाहेर, गाडीपासून चार पावले दूर करावा. समोरासमोरच्या दोन खिडक्या थोड्या उघड्या ठेवून त्यांना मच्छरदाणीची जाळी लावा. ढाब्यावर मुक्काम करताना इंजिन चालू असलेल्या ट्रकच्या शेजारी किंवा जनरेटरजवळ गाडी लावू नका. धूर आपल्या इंजिनाचा नसला तरी मारतोच.

संशय आला तर सर्वांना आधी गाडीबाहेर काढा. मूल गुंगीत असेल, बोलण्यात गडबड असेल, बेशुद्ध झाले असेल तर प्राणवायूची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. आणि तिथल्या डॉक्टरांना 'गाडीत होतो, सगळ्यांनाच झाले' हे वाक्य आवर्जून सांगा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर या विषबाधेत फसवतो. त्याला प्राणवायू आणि कार्बन मोनॉक्साइड यांनी भरलेल्या रक्तातला फरक कळत नाही, तो ९८ दाखवतो आणि मूल मात्र गुदमरत असते.

गादी उभ्या गाडीतच

आता मला सर्वांत खटकणारी गोष्ट. चालत्या गाडीत मुलांना गादीवर मोकळे सोडणे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कशावर आदळून एकदम थांबली, तर आतल्या मोकळ्या शरीराला बसणारा मार सुमारे १० मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडल्यासारखा असतो. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीच्या कठड्यावर आपण मुलाला बसू देत नाही; ५० चा वेग मात्र आपल्याला फार वाटत नाही. 'मी घट्ट धरून बसते' असे माता-भगिनी म्हणतात. त्यांच्या मायेबद्दल शंका नाही, पण १० किलोचे बाळ त्या क्षणी दीड-दोनशे किलोंच्या पोत्यासारखे हातातून निसटते. मांडीवरचे बाळ पुढच्या सीटवर आणि मागून आईचे वजन त्याच्यावर, असा प्रकार होतो. आईने आपल्या पट्ट्यातच बाळाला गुंडाळणे तर आणखी वाईट.

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मुलाला सीटबेल्ट किंवा मुलांसाठीचे खास आसन नसेल तर १,००० रुपये दंड आहे. दंड राहू द्या, पण सीट काढून टाकल्या की पट्टेही गेले, हे आपण विसरतो. गाडीच्या मूळ रचनेत असे फेरफार करायला आर.टी.ओ.ची परवानगी लागते, हेही सहसा कोणी सांगत नाही. माझे मत विचाराल तर मधली सीट काढूच नये. जितकी मुले तितक्या पट्टा असलेल्या, पुढे तोंड करून असलेल्या जागा हव्यातच. घडी होऊन रात्री पलंग होणारी सीट मिळते, ती घ्या. आडव्या बाकड्यांवर, जिथे बसणारे एकमेकांसमोर असतात, तिथे मुले बसवू नका.

जुन्या गाडीत मागे नुसता कमरेचा पट्टा असतो. तो पोटावर नव्हे, खाली कमरेच्या हाडावर घट्ट बसायला हवा. पोटावरचा पट्टा धडकेत आतडी फाडतो. खांद्याचा पट्टा असेल आणि तो मुलाच्या मानेवर येत असेल तर खाली बूस्टर सीट द्यावी, मूल साधारण १३५ ते १४५ सेंटिमीटर उंच होईपर्यंत. तान्ह्या बाळाचे आसन मागे तोंड करून असते. ते विकत घेताना आपल्या गाडीच्या कमरेच्या पट्ट्यावर बसते का हे दुकानातच पाहा, सगळी बसत नाहीत. आणि ओम्नीत मुलाला पुढे बसवू नका. त्या गाडीला बॉनेटच नाही. धडक आणि गुडघे यांच्यामध्ये फक्त पत्रा.

मुले बांधली आणि सामान मोकळे, असेही चालत नाही. २० लिटरचा पाण्याचा जार, स्टीलचे डबे, सिलिंडर ही सर्व धडकेत पुढे येणारी अस्त्रे आहेत. सिलिंडर उभा, बांधलेला आणि रेग्युलेटर बंद असावा. टायरच्या कडेवर चार आकडी अंक असतो. २३१८ म्हणजे २०१८ सालचा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी असा जुना टायर समृद्धी महामार्गासारख्या लांब, तापलेल्या काँक्रीटच्या रस्त्यावर नेऊ नये. सरकत्या दरवाजात बोटे चेंगरलेली मुले आमच्याकडे दर सुट्टीत येतात. दरवाजा मोठ्यांनीच लावायचा, असा नियम करा.

ऊन, पाणी आणि थांबे

उन्हात बंद ठेवलेल्या गाडीतले तापमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे १० अंशांनी वाढते. बाहेर ४० असेल तर आत ५०. काच थोडी खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. 'झोपलाय, उठवायला नको, पाच मिनिटांत दर्शन घेऊन येतो' असे म्हणणाऱ्यांनी देवळाबाहेरची रांग आठवावी. घरासमोर उभी असलेली व्हॅनसुद्धा कुलूपबंद हवी. मुले लपाछपीत आत शिरतात आणि जुने दरवाजे आतून उघडत नाहीत.

दर दोन तासांनी थांबा. चालकालाही ते हवे असते. मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत गाडी चालवू नये. ती शरीराची झोपेची वेळ आहे, चहाने ती टळत नाही. मुली शौचालय मिळणार नाही या धास्तीने पाणीच पीत नाहीत आणि घरी आल्यावर लघवीच्या जळजळीची तक्रार घेऊन येतात. थांबा ठरवताना त्यांचा विचार आधी करावा. उलट्या-जुलाब झाले तर ओ.आर.एस. द्या, मोठे पाकीट १ लिटर पाण्यात, एक-एक चमचा, आणि २४ तासांनी उरलेले ओतून टाका. पाकीट नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. गोड सरबताच्या खोक्यांवर ओ.आर.एस. हे नाव छापायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये बंदी केली, ते योग्यच झाले.

रॉकेल किंवा पेट्रोल पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका. मुलाने चुकून प्यायले तर उलटी मुळीच करवू नये. ते फुप्फुसात जाते. सरळ रुग्णालय गाठावे. चहा किंवा शेगडीने भाजले तर २० मिनिटे वाहते पाणी. हळद, टूथपेस्ट, शाई काही नको. तो पाण्याचा जार यासाठी भरलेला असावा.

कोकणात रात्री मुक्काम असेल तर चपला-बूट गाडीखाली ठेवू नका आणि सकाळी झटकून घाला. लाल विंचवाचा दंश लहान मुलांच्या हृदयावर परिणाम करतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाने त्यातले मृत्यू किती कमी होतात हे दाखवून दिले आहे, पण त्यासाठी मूल वेळेवर दवाखान्यात पोचावे लागते. मंत्र-उतारा यांत तास घालवू नका.

औषधांची पिशवी डॅशबोर्डवर ठेवू नये, तापून औषधे खराब होतात. तापासाठी पॅरासिटामॉल, ओ.आर.एस.ची चार पाकिटे, बँडेज, थर्मामीटर. मुलाला दमा असेल तर पंप आणि स्पेसर, फिट्स येत असतील तर रोजच्या गोळ्या दोन दिवस जादा. रुग्णवाहिकेसाठी १०८ लावा, ही सेवा राज्यात २०१४ पासून मोफत आहे. फोन करताना रस्त्याकडेच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा सांगता यावा. आणि निघण्यापूर्वी प्रत्येक मुलाचे वजन करून एका कागदावर नावासमोर लिहा, त्याखाली कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ते, आणि तो कागद पिशवीत ठेवा. परगावचा डॉक्टर औषध देण्यापूर्वी आधी वजनच विचारतो आणि आईवडील एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात.